तिघांचा ताळा

१

रेगेन्सबर्गच्या कुम्पफम्यूल भागातल्या त्या घरात दुपारी एक ते तीन चिडीचूप राहायचं असा नियम होता, आणि सात वर्षांच्या उर्जाला चिडीचूप राहणं जन्मात जमलेलं नव्हतं. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि ही पॅसेजमधून धावत सुटायची. जुनी लाकडी जमीन, ती धाडधाड वाजायची. मग खालून ठोके यायचे. खालच्या मजल्यावर घरमालकीण फ्राउ आउम्युलर एकटीच राहायची, आणि झाडूचा दांडा छताला आपटून ती आपलं मत कळवायची.

"उर्जा, अगं हळू! म्हातारी चिडलीय."

"इश बिन दोख लाइझे!" मी तर हळूच चालतेय, असं जर्मनमध्ये ऐकवून उर्जा पुन्हा पळायची. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जर्मनच.

म्हातारीला हसण्यावारी न्यावं, असं उर्जाच्या बापाचं म्हणणं होतं. अश्वजितला म्हणायला काय जातंय? तो सोमवार ते शुक्रवार फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला, कुठल्याशा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. ठोके खायला बायको होती.

बायको म्हणजे क्रांती रामटेके, मूळची भंडाऱ्याची, इथल्या विद्यापीठात गणितात पीएचडी करणारी. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. मोठमोठ्या संख्या घ्यायच्या आणि त्या कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून झाल्यात ते शोधायचं. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, हे शाळेतल्या पोरालाही येतं. पण नव्वद आकडी संख्या समोर टाकली की भल्याभल्यांची भंबेरी उडते आणि यंत्रं तासन्‌तास घरघरत बसतात. क्रांतीने त्यासाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिला होता.

क्रांतीच्या ग्रुपच्या प्रोफेसरांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. दोन माणसांनी वेगवेगळं बसून तेच उत्तर काढलं, तरच ते उत्तर. एकट्याला आलेलं ते नुसतं मत. मग ते एकटे स्वतः प्रोफेसर का असेनात.

२००४ सालच्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी क्रांतीच्या प्रोग्रामने अशाच एका नव्वद आकडी संख्येचे तीन तुकडे करून दिले. तीन मूळ संख्या. गुणाकार बरोबर, असं यंत्राने खाली लिहिलं होतं. क्रांतीने मान डोलावली आणि ती बसची वेळ गाठायला पळाली. त्या संख्येत काही विशेष नव्हतं.

२

तीच संख्या तिने चुकून पुन्हा दुसऱ्या यंत्राला दिली होती. बुधवारी सकाळी त्या यंत्राचं उत्तर आलं. दोन मूळ संख्या. त्यातली एकही सोमवारच्या तिघांमधली नव्हती. गुणाकार बरोबर.

क्रांती आधी हसली. असं होतच नाही. कुठल्याही संख्येचे मूळ तुकडे एकाच प्रकारे पडतात, ही गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि सगळं गणित तिच्यावर उभं आहे. बाराच्या पोटातून दोन, दोन आणि तीनच निघणार. आज सकाळी निघतील आणि उद्या पाच आणि सात निघतील, असं चालत नाही. तसं चाललं असतं तर कशाचाच भरवसा धरता आला नसता.

म्हणजे प्रोग्राममध्ये ढेकूण, बग. तिने दिवसभर ढेकूण शोधला आणि तो मिळाला नाही. पाचही संख्या मूळ आहेत ना, हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं. होत्या. संशय अर्थातच नंतर आलेल्या दोघांवर होता. सोमवारचं उत्तर आधीचं, ते तिच्या दृष्टीने घरचं होतं. बुधवारचं आगंतुक.

घरी येऊन क्रांतीने उर्जाला खायला घातलं आणि चौकटीचे कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडले. त्या दोन लांबलचक संख्यांचा गुणाकार ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने करू लागली, हातचे धरत, ओळीखाली ओळ. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत आलं.

मग तिने नवाचा ताळा घेतला. बाबांनी शाळेत असताना शिकवलेला. संख्येतले सगळे आकडे मिळवत जायचे, बेरजेतले पुन्हा मिळवायचे, शेवटी एकच आकडा उरेपर्यंत. ज्यांचा गुणाकार केला त्यांचे असे उरलेले आकडे एकमेकांशी गुणायचे, तेही एका आकड्यावर आणायचे. दोन्हीकडे सारखं आलं तर गुणाकार बरोबर असू शकतो. वेगळं आलं तर मात्र कुठेतरी नक्की चूक आहे, त्याला दयामाया नाही. दोघांचे उरले आठ आणि पाच. आठ पंचे चाळीस, म्हणजे चार. मोठ्या संख्येचेही आले चार. ताळा जमला.

क्रांतीने पेन ठेवलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की उर्जा केव्हापासून पॅसेजमध्ये दोरीवरच्या उड्या मारते आहे. तिने सवयीने जमिनीकडे पाहिलं. खालून एकही ठोका आला नाही.

३

"दोन वेगवेगळी उत्तरं? आणि दोन्ही बरोबर?" अश्वजित शनिवारी सकाळी चहा घेताना हसला. "अगं, टाइप करताना काहीतरी गडबड केली असशील."

"मग तू शोध ना गडबड. मी दहा वेळा पाहिलंय."

"मी कन्सल्टंट आहे बाई. मला गडबडी करायचे पैसे मिळतात, शोधायचे नाही."

"अश्वजित, प्लीज. ग्रुपमध्ये दाखवायच्या आधी दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं. आमच्यात दोघांनी केल्याशिवाय काही धरत नाहीत, तुला माहितेय."

त्याने लॅपटॉप ओढला. तिचा प्रोग्राम न घेता स्वतःचा चार ओळींचा लिहिला, पाचही संख्या स्वतः एकेक आकडा टाइप केल्या. तिघांचा गुणाकार केला. मग दोघांचा. दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवली. नव्वदच्या नव्वद आकडे सारखे.

"आल्झो," तो म्हणाला. 'तर मग' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्याच्या तोंडी ऑफिसातून आला होता आणि पुढे काय बोलावं ते सुचेनासं झालं की निघायचा. "आल्झो... हे शक्य नाही ना?"

"नाही."

"मग आपण काय बघतोय?"

क्रांतीने त्या दोन ओळी पुन्हा बोट फिरवत वाचल्या. तिला बरं वाटलं की आता आपण एकट्या नाही, आणि लगोलग वाईटही वाटलं. आता ते नुसतं मत राहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिघं फिरायला बाहेर पडत होती तेव्हा जिन्यात फ्राउ आउम्युलर भेटली. हातात झाकलेली थाळी. सफरचंदाचा केक. तीन वर्षांत त्या बाईने वर पाण्याचा पेला पाठवला नव्हता. क्रांतीला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार.

"मला तुमचे आभार मानायचे होते," म्हातारी म्हणाली. "चार दिवस झाले, काय शांतता आहे! झोप लागते मला दुपारची. पाहुणे आलेत वाटतं? दोघंजण, वयस्कर?"

"नाही, फ्राउ आउम्युलर. आम्हीच आहोत. आम्ही तिघं."

म्हातारीने उर्जाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे त्या दिशेला पाहिलं. "असं," ती म्हणाली. "पण चालणं तर दोघांचंच येतं ऐकू. सावकाश चालतात. एक जण सपाता घासत चालतो."

केक उत्तम होता. उर्जाने दोन तुकडे खाल्ले आणि मग तासभर नुसता धिंगाणा घातला.

४

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात क्रांती वाढली होती. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धमूर्ती, आणि भूतखेत, अंगारे-धुपारे यांना दारातून आत पाऊल टाकायची बंदी. भंडाऱ्याच्या त्यांच्या वस्तीत कोणाच्या अंगात आलं की तिचे बाबा आधी त्याला ओआरएस पाजायचे आणि मग प्रश्न विचारायचे. इथल्या घरातही तो फोटो आणि ती मूर्ती पुस्तकांच्या फळीवर होती. तेव्हा म्हातारीच्या बोलण्याने पाचावर धारण बसावी, अशी क्रांती नव्हती. सत्तरीच्या बाईचे कान ते, त्यांचं काय खरं?

पण कान तपासता येतात. रविवारी दुपारी, नेमकी शांततेची वेळ साधून, क्रांतीने चपला पायात घातल्या.

"मी खाली जाऊन बसते. मी परत येईपर्यंत दोघांनी उड्या मारायच्या. जोरात. थांबायचं नाही."

"रुहेत्साइटमध्ये?" उर्जाचे डोळेच विस्फारले. शांततेच्या वेळेत आईच उड्या मारायला सांगते आहे, हे तिला खरं वाटेना.

"हो. आज परवानगी."

"आणि म्हातारीने पोलीस बोलावले तर?" अश्वजितने विचारलं, पण त्याने बूट घातलेच.

दार लावून घेताना क्रांतीने त्यांना सुरुवात करताना पाहिलं. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत धडधड ऐकू येत होती. खाली उतरताना ती कमी होत गेली. जाड भिंतींचं घर आहे, तिने स्वतःला सांगितलं.

फ्राउ आउम्युलरच्या स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता आणि भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. हे स्वयंपाकघर बरोबर त्यांच्या पॅसेजखाली येत होतं. क्रांती खुर्चीवर बसली आणि तिने वर छताकडे पाहिलं. छताला झाडूच्या दांड्याचे जुने गोल डाग होते.

वरून काहीच आवाज नव्हता. कॉफी कपात पडली, साखर ढवळली गेली, आणि तरी काही नाही. थांबली असतील दोघं, ती मनात म्हणाली. अश्वजितला कंटाळा आला असेल.

मग पावलं ऐकू आली. वरच्या दारापासून आतल्या बाजूला. सावकाश. एक पाऊल जड, पुरुषाचं, सपाता घासणारं. दुसरं हलकं, पण पोराचं नव्हे. म्हातारं माणूस आधी टाच टेकवून, अंदाज घेऊन टाकतं तसं. ती दोघं पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. खुर्ची सरकली. पुन्हा परत आली आणि बरोबर क्रांतीच्या डोक्यावर येऊन थांबली. खाली कोण आलं आहे ते ऐकत असावीत तशी थांबली.

क्रांतीने कप खाली ठेवला.

"बघा," फ्राउ आउम्युलर हळू आवाजात कौतुकाने म्हणाली, "किती शहाणी माणसं आहेत." मग तिने क्रांतीकडे अगत्याने पाहिलं, पण ते अगत्य अनोळखी माणसासाठीचं होतं. "तुम्ही त्यांनाच भेटायला आलात का? बेल वाजवली नाहीत?"

क्रांती जिना कशी चढली ते तिला आठवलं नाही. दार उघडलं तर आत धुमाकूळ चालला होता. उर्जा घामाघूम, केस कपाळाला चिकटलेले, अश्वजित बुटांसकट नाचतो आहे, फळीवरची पुस्तकं थरथरताहेत.

"अजून मारायच्या?" अश्वजित धापा टाकत म्हणाला. "अगं, माझे गुडघे... क्रांती? काय झालं?"

५

रात्री तिने त्याला सगळं सांगितलं. भांडण व्हायला हवं होतं. तू थकली आहेस, सुट्टी घे, असं काहीतरी त्याने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "मीही गेलो होतो. तू उर्जाला आंघोळ घालत होतीस तेव्हा. म्हातारीच्या दाराला कान लावून उभा राहिलो."

"मग?"

"दोघंच."

त्याने डॉक्टरकडून आठवडाभराची क्रांकश्राइबुंग आणली, आजारपणाची चिठ्ठी, आणि तो एश्बॉर्नला गेला नाही. घर सोडून जाऊ, तो म्हणाला. हॉटेलात राहू, भारतात जाऊ. क्रांतीलाही तसंच वाटत होतं, पण तिची बुद्धी आडवी येई. घरात काही असतं तर घर सोडून भागलं असतं. हे घरामुळे नव्हतं. बुधवारी त्या दोघांचा गुणाकार बरोबर आला, त्या दिवसापासून खालचे ठोके थांबले होते.

"तो गुणाकार चुकलाय असं मला दाखवता आलं," ती म्हणाली, "तर हे सगळं थांबेल."

"आणि नाही दाखवता आलं तर?"

"संख्या एकच. ती तीन माणसांचीही आहे आणि दोन माणसांचीही, असं नाही होऊ शकत. एक काहीतरी खोटं असणारच."

म्हणताना आपण माणसं म्हणालो, हे तिला कळलं. अश्वजितनेही ते दुरुस्त केलं नाही.

तो आठवडा तिघांनी एकाच खोलीत काढला. दिवसा बाहेर जावं तर बसचा ड्रायव्हर त्यांच्या तोंडावर दार लावून घेई. बेकरीतली बाई त्यांच्या मागच्या माणसाला विचारी, काय देऊ. दुपारी परतल्यावर स्वयंपाकघरातली शेगडीची तबकडी कोमट लागायची. क्रांती तिच्यावर हात ठेवून उभी राहायची आणि काहीतरी कारण शोधायची. सकाळी दूध तापवलं होतं, त्याची ऊब. सहा तास टिकते का ऊब? टिकत असेल.

मंगळवारी उर्जा शाळेतून आली ती दप्तर खांद्यावर ठेवूनच. पळाली नाही.

"फ्राउ क्रेमरने आज माझं नावच घेतलं नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी हात वर केला होता. खूप वेळ. सगळ्यांना विचारलं, मला नाही."

"विसरल्या असतील, बाळा."

"माझ्या बाकावर तिने वह्यांचा गठ्ठा ठेवला."

क्रांतीने तिला जवळ ओढलं. पोरीच्या अंगाला खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता, दंडाला ती चांगली हाडापेराची, उबदार लागत होती. ही खरी आहे, क्रांतीने मनात म्हटलं, आणि असं म्हणावं लागल्याचा तिला भयंकर राग आला. आकड्यांसाठी तिने आयुष्यातली बारा वर्षं घातली होती. त्या आकड्यांनी तिच्या लेकराकडे असं पाहावं? दुसऱ्या दिवसापासून उर्जाला शाळेत पाठवायचं नाही, असं ठरलं.

६

बुधवारी दुपारी अश्वजितने लॅपटॉप बंद केला तो पुन्हा उघडला नाही.

"सापडलं काही?" क्रांतीने विचारलं.

"नाही गं. डोळे दुखायला लागले."

त्यानंतर तो आकड्यांजवळ फिरकला नाही. उर्जाला खांद्यावर घेऊन पॅसेजभर फिरला, तिच्याबरोबर चादरीचा तंबू केला, तिला भाताचे घास भरवले. एवढी मोठी मुलगी, पण तिनेही निमूट खाल्ले. रात्री ती झोपल्यावर तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. क्रांतीला वाटलं, हरला बिचारा. तिला त्याची कीव आली आणि थोडा संतापही. तिने एकटीने ते पुढे रेटलं. दोघांचा गुणाकार पुन्हा मांडला. उजवीकडून केला, डावीकडून केला. ताळा घेतला. आठ पंचे चाळीस, चार. दर वेळी चार.

शनिवारी सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं चर्च दिसत नव्हतं. कुकर लावला होता. उर्जा खिडकीजवळच्या खुर्चीवर मांडी घालून चित्र काढत होती, अश्वजित कांदा चिरत होता. क्रांती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागदांत बसली होती. आता काही उरलंच नव्हतं. ज्याच्यावर संशय होता ते सगळं तिने इतक्यांदा तपासलं होतं की आकडे पाठ झाले होते.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात आलं की तिघांचा ताळा आपण एकदाही घेतलेला नाही.

का घेतला असता? ते सोमवारचं उत्तर. ते आपलं. यंत्राने काढलं, यंत्राने आणि अश्वजितच्या चार ओळींनी बरोबर ठरवलं, तिने मान डोलावली. चोर नेहमी बाहेरून येतो, असं धरून ती दहा दिवस दाराशी बसली होती. घरातल्यांची झडती कोण घेतं?

तिने पहिल्या संख्येचे आकडे मिळवायला घेतले. उरले दोन. दुसऱ्या संख्येचे उरले पाच. तिसरीचे सात. बे पंचे दहा, म्हणजे एक. सात एके सात.

यायला हवे होते चार.

तिने पुन्हा केलं. बोटांवर, मग कागदावर, यंत्रांनी बरोबर ठरवलेले तेच आकडे घेऊन. सात.

क्षणभर क्रांतीला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. गणित शाबूत होतं. दोन उत्तरं नव्हतीच, एकच होतं. दोन हजार वर्षांची गोष्ट जागची हलली नव्हती, चूक फक्त एका बाजूला होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला. मग तिने मान वर करून कांदा चिरणाऱ्या नवऱ्याकडे आणि जीभ बाहेर काढून रंगवणाऱ्या मुलीकडे पाहिलं, आणि चूक कुठल्या बाजूला आहे ते तिला कळलं.

तिने कागदावर हात ठेवला. फार थंड डोक्याने तिने विचार केला. हे फक्त मला आलंय. एकटीला आलेलं ते नुसतं मत. मी बोलले नाही, कोणाला दाखवलं नाही, तर ते मतच राहील. जन्मभर राहील. मला जमेल ते.

"काय झालं?" अश्वजितने विचारलं.

"काही नाही."

तो सुरी हातात तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा, तिचा कागदावरचा हात. कांद्याने त्याचे डोळे लाल झाले होते, की आधीपासूनच लाल होते?

"क्रांती," तो म्हणाला, "सात?"

कुकरची वाफ सूं सूं करत होती. तिने मान हलवली नाही, हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्याची गरज राहिली नव्हती.

"बुधवारी," अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "म्हटलं, मला एकट्यालाच आलंय ना. एकट्याला आलेलं तुमच्यात धरत नाहीत ना. मी नव्हतो गं सांगणार. तुझं तोंड बघितलं आणि..."

"बोलू नकोस," ती म्हणाली. "आता बोलू नकोस."

"वास इस्ट झीबेन?" उर्जाने चित्रातून मान न काढता विचारलं. सात काय?

७

दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

घराच्या दोनच किल्ल्या होत्या आणि दोन्ही आत खुंटीला लटकत होत्या. क्रांतीला त्या बसल्या जागेवरून दिसत होत्या. बाहेर जिन्यातून फ्राउ आउम्युलरचा आवाज आला, मोकळा, आपुलकीचा, "ग्र्यूस गॉट, ग्र्यूस गॉट!" आणि एका बाईने त्या नमस्काराला तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं. दार उघडलं. धुक्याचा गारवा आत आला.

पॅसेजमध्ये कोणीतरी बूट काढून सपाता घातल्या. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. सपाता घासत एक जण आतल्या खोलीकडे गेला, घरच्या माणसासारखा, न अडखळता.

"कोण आहे?" अश्वजित ओरडला. मग जर्मनमध्ये ओरडला. त्याचा आवाज त्या खोलीत चांगला घुमला. पॅसेजमधली चाहूल जराही थबकली नाही.

क्रांतीला उठायचं होतं. उठून उर्जाला उचलायचं होतं. टेबलाच्या त्या टोकापर्यंत चार पावलं. पण तिचा हात अजून त्या कागदावरच दाबलेला होता. उर्जा रंगाचा खडू हातात धरून दाराकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

बाई आत आली. राखाडी कोट, कानामागे नीट बसवलेले पांढरे केस, एवढंच क्रांतीला दिसलं. फार दिवस बंद असलेल्या घरात शिरावं तसं तिने उंबऱ्यावर नाक मुरडलं, सरळ खिडकीपाशी गेली आणि ती सताड उघडली. अश्वजितला ती एवढ्या जवळून ओलांडून गेली की तिच्या कोटाची बाही त्याच्या हातातल्या सुरीला लागायला हवी होती.

मग ती वळली. क्रांतीने तिचा चेहरा पाहिला नाही, कारण तिचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. म्हातारा, स्वच्छ, अंगठी घातलेला हात. तो उर्जाच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला.

"आई," उर्जा म्हणाली.

बाईने बसण्यासाठी खुर्ची ओढली, आणि रिकामी खुर्ची सरकते तशी ती एका बोटाने सरकली.